ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग का होते?

वाचकाचं पत्र : माझं वय ३८. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. शेजारणीने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणली. तीन आठवड्यांत चेहरा स्वच्छ झाला. तेव्हापासून दीड वर्ष रोज रात्री लावते आहे. आता लावायची थांबवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद होतो, आग होते, बारीक पुटकुळ्या येतात. परत लावली की सगळं शांत. वांग मात्र पूर्वीपेक्षा गडद झालेत. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात, उन्हात गेलं की टोचतं, हनुवटीवर लव वाढली आहे. तांदळाचं पीठ आणि लिंबू चोळून बघितलं, तर आणखी झोंबलं. गर्भनिरोधक गोळ्या चार वर्षांपासून चालू आहेत. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी नावं आहेत. पार्लरवाल्या ताई म्हणतात, कातडी पातळ झाली आहे, कोलॅजनची पावडर घे. खरंच कातडी पातळ होते का? आणि परत पहिल्यासारखी होते का? माझ्या १३ वर्षांच्या मुलीची मानही काळी पडली आहे. तिला हीच ट्यूब थोडीशी लावली तर चालेल का?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर :

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते थांबणारं नाही. मुलीच्या मानेला ही ट्यूब लावू नका. थोडीशी नाही, एकदाही नाही. तिची मान काळी दिसण्याचं कारण बहुधा अगदी वेगळं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तुमच्या बाबतीत पार्लरवाल्या ताईंचं निम्मं बरोबर आहे. कातडी खरंच पातळ होते. पण कोलॅजनच्या पावडरीने ती भरून येणार नाही. तुमच्या चेहऱ्यावर एकाच वेळी तीन बिघाड झालेत, तिन्ही वेगवेगळ्या थरांत आहेत, आणि प्रत्येक थर आपापल्या वेळेने बरा होतो. एक काही दिवसांत, एक दीड ते तीन महिन्यांत आणि एक महिनोन् महिने घेऊन. या वेळा माहीत नसल्या की माणूस चौथ्या दिवशी घाबरून परत ट्यूब हातात घेतो, आणि चक्र सुरूच राहतं. म्हणून आधी थर समजून घेऊ.

कातडीचा अगदी लहान तुकडा काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दोन मुख्य भाग लगेच ओळखू येतात. वर एपिडर्मिस, म्हणजे बाह्यत्वचा. खाली डर्मिस, म्हणजे अंतस्त्वचा. दोघींमधली सीमा सरळ नसते, ती नागमोडी असते. बाह्यत्वचेची बोटं खाली उतरलेली आणि अंतस्त्वचेचे उंचवटे त्यांच्यामध्ये घुसलेले दिसतात. रक्तवाहिन्या फक्त खालच्या भागात. वरच्या भागात रक्ताचा थेंबही नाही, त्याला सगळं पोषण खालून झिरपून मिळतं. बाह्यत्वचेची जाडी पापणीवर साधारण अर्ध्या दशांश मिलिमीटरइतकी आणि तळव्यांवर दीड मिलिमीटरच्या आसपास असते. आपण जिला कातडीचा मजबूतपणा म्हणतो तो जवळजवळ सगळा खालच्या थरात असतो.

बाह्यत्वचेतल्या दहापैकी नऊहून जास्त पेशी एकाच जातीच्या असतात, त्यांना केराटिनोसाइट म्हणतात. त्या सगळ्यात खालच्या ओळीत, सीमेला चिकटून जन्मतात. तिथे त्या उभट असतात आणि सतत विभागत असतात. त्यातली एक पेशी वर ढकलली जाते. आधी ती शेजारणींना अनेक टाक्यांनी घट्ट जोडून घेते, मग तिच्यात दाणेदार साठे दिसू लागतात, चरबीच्या पिशव्या भरतात, शेवटी तिचं केंद्रक नाहीसं होतं आणि ती चपटी, निर्जीव चकती होऊन सगळ्यात वरच्या थरात पोचते. खालून वरपर्यंत येऊन कोंड्यासारखं गळून पडायला एकूण चार ते सहा आठवडे लागतात, वय वाढेल तसे थोडे जास्त.

वरच्या निर्जीव थराला शृंगी थर म्हणतात. तो मेलेला असला तरी सगळ्यात कामाचा आहे. कौलारू छपरावर कौलं जशी एकमेकांवर थोडी थोडी चढवलेली असतात तशा त्या चकत्या बसलेल्या असतात, आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांचा लेप असतो. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत येऊ न देणं हे याच लेपाचं काम. टाचेवर अशा चकत्यांचे ऐंशीच्या वर थर असतात. चेहऱ्यावर जेमतेम नऊ-दहा. तांदळाचं पीठ घेऊन तुम्ही चोळलंत ते या नऊ-दहा थरांवर. टाच घासायची सवय चेहऱ्याला लावली की दोन-तीन मिनिटांत निम्मं छप्पर उघडं पडतं. त्यावर लिंबू. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण पाचच्या जवळपास. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच. म्हणजे तो शेकडो पटींनी जास्त आम्लधर्मी. शिवाय लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं उन्हाशी संयोग होऊन कातडी अक्षरशः भाजतात आणि तिथे नवे काळे डाग पडतात. वांगाला लिंबू हा उपाय सांगणारे सगळे मनापासून सांगतात, पण तो थांबवायलाच हवा. बेकिंग सोडा आणि अंगाचा साबण हे उलट्या दिशेने, अल्कधर्मी होऊन तेच नुकसान करतात.

आता रंगाबद्दल. सगळ्यात खालच्या ओळीत, साधारण दहा पेशींमागे एक, अशी मेलानोसाइट नावाची वेगळी पेशी बसलेली असते. तिला लांब फांद्या असतात. मेलानिन हे रंगद्रव्य ती छोट्या पुड्यांमध्ये बनवते आणि फांद्यांच्या टोकांतून आसपासच्या तीस-चाळीस केराटिनोसाइटना पोचवते. त्या पेशी आपल्या केंद्रकावर, उन्हाच्या बाजूला, या रंगाची टोपी चढवतात. आतल्या डीएनएचं उन्हापासून रक्षण व्हावं म्हणून ही सगळी धडपड. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत मेलानोसाइटची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो पुड्यांचा आकार, संख्या आणि त्या किती लवकर विरघळतात यामुळे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘रंग घालवायचा’ या विचाराने पुष्कळ जणी अशा ट्यूबकडे वळतात. सावळा रंग हा आजार नाही आणि तो घालवण्याचं सुरक्षित औषधही नाही. वांग हा मात्र विकार आहे, त्यावर उपचार आहेत.

वांगात काही मेलानोसाइट जास्त चिडतात. ऊन, गरोदरपणातली आणि गोळ्यांमधली संप्रेरकं, घराण्यात असलेली प्रवृत्ती आणि चुलीची किंवा भट्टीची धग, ही त्यामागची नेहमीची कारणं. रंग बाह्यत्वचेतच असेल तर तो पेशींबरोबर वर चढतो आणि गळून जातो. पण सीमा जिथे कमकुवत झालेली असते तिथून तो खाली अंतस्त्वचेत सांडतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी तो गिळून बसतात, आणि तिथून तो वर्षानुवर्षं हलत नाही. कोणतंही क्रीम त्याला बाहेर काढू शकत नाही. डॉक्टर वुड्स लॅम्पचा निळसर उजेड टाकतात किंवा डर्माटोस्कोप लावून बघतात, ते रंग किती खोल आहे याचा अंदाज घेण्यासाठी. तपकिरी, कडा स्पष्ट असलेला डाग बहुधा वरचा. राखाडी-निळसर झाक असलेला बहुधा खोल. बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर दोन्हींची सरमिसळ असते.

तुमच्या ट्यूबमध्ये तीन औषधं आहेत. हायड्रोक्विनोन मेलानोसाइटमधल्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं, म्हणजे नवा रंग कमी बनतो. ट्रेटिनॉइन केराटिनोसाइटचा वर चढण्याचा वेग वाढवतं, म्हणजे बनलेला रंग लवकर गळतो. पण त्याने जळजळ होते. ती दाबायला मोमेटासोन हे स्टेरॉइड घातलेलं असतं, आणि ते मेलानोसाइटलाही थोडं शांत करतं. हे त्रिकूट १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं, त्यात तेव्हा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं. वाईट औषध म्हणून ते बनवलेलं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण आठ आठवडे, आणि नंतर बंद, अशी त्याची जागा आहे. बिघडलं ते दीड वर्षात. त्यातही मोमेटासोनमुळे सगळ्यात जास्त.

चेहऱ्यावर स्टेरॉइड इतकं का बाधतं याचं उत्तर १९६७ च्या एका मापनात आहे. फेल्डमन आणि मायबाख यांनी कॉर्टिसोल शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती आत शिरतं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागावर जितकं शिरतं त्याला एक धरलं, तर कपाळावर सहा आणि जबड्याच्या कोपऱ्यावर तेरा. तळपायावर एक सप्तमांश. टाचेच्या इसबावर चालणारी ट्यूब जबड्यावर लावली की तिथे नव्वदपट औषध आत जातं, असा त्याचा अर्थ होतो.

आत गेलेलं स्टेरॉइड तीन ठिकाणी घाव घालतं.

पहिलं, बाह्यत्वचेत. खालच्या ओळीतल्या पेशींचं विभाजन मंदावतं, थर कमी होतात, आणि छपराच्या फटींतला स्निग्ध लेप नीट बनत नाही. साधं पाणी लावलं तरी झोंबणं हे याचं लक्षण. इथेच लांगरहान्स पेशी असतात. १८६८ साली पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याने त्या शोधल्या तेव्हा त्या मज्जातंतूंच्या आहेत असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या जंतूंवर पाळत ठेवणाऱ्या पेशी आहेत. स्टेरॉइडने त्या सुस्तावतात. म्हणून घरात कोणाला गजकर्ण असेल तर त्याला ही ट्यूब चुकूनही देऊ नका. खाज चार दिवस थांबते आणि बुरशी शांतपणे पसरत जाते.

दुसरं, अंतस्त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींवर. कोलॅजनचे दोर आणि लवचीक तंतू या पेशी विणतात. अंतस्त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजनचा असतो. स्टेरॉइडमुळे नवीन कोलॅजन विणणं कमी होतं. वरची बाह्यत्वचा पातळ, खालचा आधार पातळ, मग आधीपासून तिथेच असलेल्या केशवाहिन्या काचेतून दिसाव्यात तशा दिसू लागतात. गालावरच्या त्या लाल शिरा म्हणजे ह्याच.

तिसरं, रक्तवाहिन्यांवर, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्टेरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आक्रसतात आणि कातडी फिकट दिसते. हा परिणाम इतका पक्का आहे की स्टेरॉइड क्रीमची ताकद ठरवायला १९६२ पासून तोच वापरला जातो. हातावर थेंब लावायचा, किती फिकट पडतं ते बघायचं. तीन आठवड्यांत आलेला तुमचा ‘उजळपणा’ काही अंशी हा होता. दीड वर्ष रोज बळजबरीने आक्रसलेल्या वाहिन्या ट्यूब थांबताच उलट जोराने फुलतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली, आग, मग पुटकुळ्या. परत लावलं की आक्रसतात, म्हणून आराम. म्हणजे ट्यूब बरं करत नाही, स्वतःच उठवलेली आग स्वतःच झाकते. आणि वांग गडद का झाले? सततचा दाह आणि उघडं पडलेलं छप्पर या दोन्हींमुळे मेलानोसाइट आणखी चिडल्या.

आता करायचं काय

ट्यूब रोजऐवजी एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड, असा हिशेब या ट्यूबवर करू नका. स्टेरॉइड हळूहळू कमी करणं ही पद्धत बरोबर आहे, पण तुमच्या ट्यूबमध्ये झोंबणारी दोन औषधंही आहेत, ती आत्ता लगेच थांबायला हवीत. त्यामुळे कमी ताकदीचं वेगळं स्टेरॉइड थोडे दिवस, किंवा स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस हे मलम, पुटकुळ्या जास्त असतील तर पोटात घ्यायची औषधं, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्या नावापुढे एमडी, डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी अशी त्वचारोगातली पदवी आहे ना ते बघा. आठवड्याभरातली वेळ घ्या. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. ट्यूब फेकू नका, सोबत न्या. डोळ्यांच्या अगदी जवळ लावत असाल तर तेही सांगा, डोळ्यातला दाब तपासून घ्यावा लागतो.

डॉक्टरांकडे जायच्या आधीच ट्यूब थांबवली असेल तर परत सुरू करू नका. आग होईल तेव्हा स्वच्छ सुती कापड उकळून गार केलेल्या थंड पाण्यात बुडवून, पिळून, दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा चालेल. बर्फ थेट लावू नका. कापड काढल्यावर चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. चेहरा आणि मान यांना मिळून अशा अडीच रेघा लागतात. वासाचं नको, अर्क-फुलं-सोनं असं काही मिसळलेलं नको. सिरॅमाइड किंवा ग्लिसरीन असलेलं साधं घ्या. खोबरेल तेल अंगाला छान, पण स्टेरॉइडने पुटकुळ्या आलेल्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं, तूर्त ठेवून द्या. चेहरा धुवायला दिवसातून दोनदा कोमट पाणी, आणि संध्याकाळी एकदा साबण नसलेलं सौम्य क्लेन्झर. ब्लीच, फेशियल, चेहऱ्यावरचं वॅक्सिंग, बेसन, मुलतानी माती, हळद, सगळं तीन महिने बंद.

तुटलेला स्निग्ध लेप निरोगी कातडीत तीन दिवसांत बहुतांश भरून येतो. तुमच्यासारख्या दमलेल्या कातडीला जास्त वेळ लागेल, पण मॉइश्चरायझर झोंबणं हळूहळू कमी होतंय का एवढं बघा. तीच पहिली खूण. बाह्यत्वचेचे थर एक-दोन फेऱ्यांत, म्हणजे दीड ते तीन महिन्यांत, पुरेसे भरतात. लाली मात्र लाटांसारखी येते. पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात वाईट, मग चार चांगले दिवस, मग पुन्हा एक वाईट, असं काही आठवडे ते काही महिने चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा लाल झालं म्हणून उपचार फसला असं समजू नका. अंतस्त्वचा सगळ्यात हळू. कातडीतल्या कोलॅजनचं अर्धायुष्य सुमारे पंधरा वर्षं मोजलं गेलं आहे, म्हणजे तिथली उलाढाल मुळातच फार संथ असते. स्टेरॉइड थांबल्यावर फायब्रोब्लास्ट पुन्हा कामाला लागतात आणि पातळपणा बराचसा भरून येतो, पण महिने लागतात. काही लाल शिरा कायम राहू शकतात. त्यांना पुढे, कातडी शांत झाल्यावर, लेझरने बंद करता येतं. हनुवटीवरची लव साधारणपणे काही महिन्यांत कमी होते.

कोलॅजनच्या पावडरीवर पैसे घालवू नका. पोटात गेलेलं कोलॅजन इतर प्रथिनांसारखंच पचून छोटे तुकडे होतं. ते तुकडे गालावरच जातील अशी कुठलीही सोय शरीरात नाही. तेच पैसे सनस्क्रीनवर घाला.

सनस्क्रीन कधी सुरू करायचं? झोंबणं थांबताच. तोवर छत्री, ओढणी, रुंद काठाची टोपी. घेताना एसपीएफ ३० किंवा ५०, यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) संरक्षणाची खूण, आणि शक्यतो रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं. वांगाला नुसता अतिनील भाग नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही चिडवतो, आणि तो अडवायला हा मातकट रंग लागतो. यूव्हीए खिडकीच्या काचेतून आत येतो आणि अंतस्त्वचेपर्यंत पोचतो, त्यामुळे गाडीत किंवा खिडकीजवळ बसतानाही लावायचं. बहुतेकांची चूक प्रमाणात होते. बाटलीवरचं एसपीएफ हे प्रत्येक चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेलं असतं. चेहरा आणि मानेला ते साधारण एक ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा. सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा एवढं लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपते. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावतच नाही असं धरा. उन्हात सतत असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

वांगाचे उपचार त्यानंतर. लाली आणि आग पूर्ण बसल्यावर, बहुधा दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा ॲझेलाइक ॲसिड १० टक्के, एक दिवसाआड रात्री, वाटाण्याएवढं, हे सुरुवातीला बरं पडतं. ते टायरोसिनेजला अडवतं, दाहही कमी करतं, आणि कातडी पातळ करत नाही. पहिले दोन आठवडे थोडं चुरचुरतं. जोडीला ४-५ टक्क्यांचं नियासिनामाइड. फरक बघायचा तो १२ आठवड्यांनी, त्याआधी नाही. मेलानोसाइटने आज रंग बनवणं निम्म्यावर आणलं तरी आधीचा रंग वर चढून गळायला चार-सहा आठवडे लागणारच. जे क्रीम आठवड्यात उजळवतं त्यात स्टेरॉइड किंवा पारा असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळायला बंदी आहे, तरी नाव-पत्ता नसलेल्या डब्यांमधून तो येतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. लेबल नसलेली डबी घेऊच नका. खोल रंगावर पोटात घ्यायचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड कधी कधी दिलं जातं, पण त्याने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता, त्यांनीही तोच धोका वाढतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून ते घेऊ नका.

त्या गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. त्या चालू असताना वांग हटत नाहीत असं नाही, पण उपचार अर्धाच लागू पडतो. तांबी बसवणं हा संप्रेरकांशिवायचा पर्याय आहे. दुसरी सोय होईपर्यंत गोळ्या मात्र मध्येच सोडू नका.

आणखी एक काम करा. स्टेरॉइड असलेलं क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, आणि २०१८ मध्ये तो आणखी कडक केला गेला. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन, यातलं कुठलंही नाव दिसलं की ते स्टेरॉइड. घरातल्या सगळ्या ट्यूब काढून बघा, गजकर्णासाठी आणलेल्याही. आणि तुम्हाला झालेला त्रास औषधाचा दुष्परिणाम म्हणून १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर नोंदवता येतो.

आता मुलगी. मान मळामुळे काळी आहे का हे एकदाच तपासा. सर्जिकल स्पिरिटमध्ये कापूस बुडवून हलक्या हाताने पुसा. कापूस तपकिरी होऊन खालची कातडी स्वच्छ दिसली तर तो साचलेला मळच. पुसून गेला नाही, आणि बोट फिरवल्यावर मान मखमलीसारखी जाडसर, बारीक रेघारेघांची लागली, काखेतही तसंच दिसलं, तर त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. इथे मेलानोसाइट फारशा बिघडलेल्याच नसतात. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की ते केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्टवरच्या वाढीच्या ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतं, त्या पेशी भराभर वाढतात, कातडीच्या बारीक घड्या पडतात, वरचा शृंगी थर जाड होतो, आणि हे सगळं मिळून काळं दिसतं. रंग अडवणारं औषध तिथे काय करणार? आणि वयात येणाऱ्या मुलीच्या अंतस्त्वचेवर स्टेरॉइड लावलं तर पडलेले ताणाचे चट्टे पुढे जात नाहीत.

तिची मान घासू नका, घासल्याने ती आणखी जाड होते. कोणाच्या टोमण्यांमुळे तीही घासत असेल, तिला हे समजावून सांगा, ती अस्वच्छ नाही. उंची, वजन आणि कमरेचा घेर मोजा. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) या दोन तपासण्या करा. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली असणं अपेक्षित आहे. आकडे ठीक आले तरी इन्सुलिन वाढलेलं असू शकतं, म्हणून मान मखमली असेल तर रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटाच. घरात कोणाला मधुमेह आहे का, पाळी सुरू झाली असल्यास ती नियमित येते का, हे ते विचारतील. गोड पेयं आणि पाकिटातला खाऊ कमी झाला, रोज तासभर खेळणं-पळणं सुरू झालं आणि वजन उतरायला लागलं की चार-सहा महिन्यांत मानेची जाडी आधी कमी होते, रंग त्याच्या मागून.